वादळावर थांबलेला काटा

आमच्या सोप्यात भिंतीवर एक पितळी गोल यंत्र टांगलेलं आहे. घड्याळाएवढंच, पण त्यावर तासांचे आकडे नाहीत. काट्याखाली इंग्रजीत शब्द कोरलेत. एका टोकाला 'वादळ', मग 'पाऊस', 'बदल', 'स्वच्छ' आणि दुसऱ्या टोकाला 'कोरडं'. हवेचा दाब मोजायचं हे यंत्र. आमच्याकडे त्याचा काटा बारा महिने वादळावर असतो. एप्रिलात डांबर पायाला चिकटायला लागलं तरी वादळच. येणारे पाहुणे काचेवर टिचकी मारून बघतात आणि म्हणतात, "कांबळेबाई, बिघडलंय की हे." मी सांगते, आता बिघडलेलं नाही, एकदा दुरुस्त केलं होतं, तेव्हा चार वर्षं बिघडलेलं होतं. म्हातारीला काहीतरी बोलायची खोड आहे असं समजून ते चहा पितात आणि जातात.

हे यंत्र हेर्लेकर सरांचं.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कोल्हापुरात कॅन्सरला किरणांचा उपचार देणारं एक रुग्णालय निघालं. धर्मादाय ट्रस्टचं. नाव सांगत नाही, सांगून आता कोणाचं भलं होणार नाही. मी तिथे तंत्रज्ञ होते. पेशंटला टेबलावर झोपवायचं, यंत्राचं तोंड त्याच्या अंगावर शाईने आखलेल्या चौकोनावर आणायचं, बाहेर येऊन जाड दार लावायचं आणि बटण दाबायचं, हे माझं काम. यंत्राच्या शिशाच्या डोक्यात कोबाल्टचा तुकडा होता. त्याच्या किरणांना रंग नाही, वास नाही, आवाज नाही. अंगावर पडतात तेव्हा काहीच कळत नाही, जे काय कळायचं ते नंतर. खेड्यातली माणसं त्याला 'लाईट' म्हणायची. किती लाईट झाल्या, किती राहिल्या, असा हिशेब बाकावर चाललेला असायचा. किती किरण द्यायचे ते मोठे डॉक्टर सांगत. पण त्यासाठी यंत्र किती सेकंद चालू ठेवायचं, हे सांगणारा माणूस वेगळा. ते हेर्लेकर सर.

सर आधी गावातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. चाळिशी उलटल्यावर मुंबईला वर्षभर शिकून आले आणि आमच्याकडे लागले. अंगाने वाळके, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेन्सिली आणि एक थर्मामीटर. पेन वापरायचे नाहीत. पेनाने लिहिलेला आकडा खोडायला माणसाला लाज वाटते आणि मग तो चुकीचाच राहतो, असं त्यांचं म्हणणं. बसस्टॉपपासून रुग्णालयाच्या पायरीपर्यंत किती पावलं, हे त्यांना ठाऊक होतं आणि पावसाळ्यात ती अकराने वाढतात हेही. कोणी म्हणालं, आज फार उकडतंय, की ते विचारायचे, "किती?" भाजीत मीठ जास्त झालंय, किती? पेशंटला बरं वाटतंय, किती? शिपाई त्यांना मागून 'कितीसर' म्हणायचे. मीही म्हटलंय.

मी पेठ वडगावची, आमचं घर बौद्ध. नोकरी लागली त्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. चहाच्या फळीवर एकसारखे पाच कप होते आणि सहावा, कानतुटका, खिडकीत वेगळा ठेवलेला. तो माझा. कोणी तसं सांगितलं नव्हतं, आणि सांगायची गरजही नव्हती. वडगावात मी असले कप पुष्कळ पाहिले होते. तिसऱ्या दिवशी सर चहाला आले. त्यांनी माझा कप उचलला, प्रयोगशाळेतून मापाची काचेची नळी आणली, कपात पाणी भरलं आणि नळीत ओतून बघितलं. मग पाच कपांपैकी एकाचं तसंच केलं. "हा लहान आहे," म्हणाले, "असं चालणार नाही." तो कप त्यांनी टोपलीत टाकला आणि दुसऱ्या दिवशी घरून तसाच सहावा आणला. कारकून दोन दिवस गाल फुगवून होता. सरांना त्या कपाचा खरा अर्थ कळला होता की नव्हता, हे मला आजतागायत माहीत नाही. पुढे एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "माप चुकीचं होतं, बाई." मी त्यानंतर त्यांच्याविरुद्ध कोणाचं ऐकून घेतलं नाही. तेही कदाचित माझं चुकलंच.

गंगावेशीतल्या दुधाच्या कट्ट्यावर तर त्यांचं नाव झालेलं. तिथे गवळी म्हैस समोर उभी करून थेट पेल्यात धार काढून देतो आणि माणसं ते कोमट, फेसाळ दूध उभ्या उभ्या पितात. आमचे यजमान आणि मी एकदा गेलो तर सर तिथे भरलेला पेला हातात धरून नुसते उभे. फेस बसायची वाट बघत होते. बसला तसा पेला दोन बोटं रिकामा झाला. त्यांनी तो गवळ्यासमोर धरला. गवळी वैतागून म्हणाला, "सर, फेस बी दुधाचाच हाय की." सर म्हणाले, "फेसात हवा असते. हवा मला फुकट मिळते." गवळ्याने दोन बोटं दूध घातलं आणि कट्ट्यावरची पोरं हसली. तोवर दूध गार झालेलं, म्हणजे कट्ट्यावर येण्यात जे सुख ते संपलेलं. सरांना त्याचं काही नव्हतं. विकणारा नेहमी हवा मिसळून विकतो, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. सरांच्या बाबतीत हे फुंकणंच अंगाशी आलं.

कोबाल्टचं यंत्र बसलं ते दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत. पहिला पेशंट घेण्याआधी त्याचा जोर मोजायचा होता. त्याची रीत मला सरांनी शिकवली. काचेच्या टाकीत पाणी भरायचं, कारण माणसाचं अंग म्हणजे बहुतेक पाणीच. त्या पाण्यात बोराएवढी पोकळ डबी सोडायची, डबीत हवा. किरण हवेतून गेले की बारीक वीज तयार होते आणि बाहेरच्या वीजमापकाचा काटा हलतो. पण हवा विरळ असेल तर काटा कमी हलतो. म्हणून त्या दिवशी, त्या खोलीत हवा किती दाट आहे ते बघायचं आणि त्या मानाने आकडा वाढवून घ्यायचा. त्यासाठीच हे पितळी यंत्र मागवलेलं.

पेटीतून काढून भिंतीवर लावलं आणि काटा जाऊन बसला तो 'वादळ'वर. बाहेर आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. मी हसले. म्हटलं, सर, तुमच्या यंत्राला कुणाची तरी दृष्ट लागलीय. कारकूनही हसला, शिपाईही. सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हवामान कार्यालयाला फोन केला, त्या दिवसाचा कोल्हापूरचा दाब विचारला, पेन्सिलीने लिहून घेतला. मग बारीक पेचकसाने पितळी यंत्राच्या पाठीचा स्क्रू फिरवला. काटा थरथरत निघाला आणि 'स्वच्छ'वर येऊन थांबला. "वादळ टळलं," मी म्हटलं. सर म्हणाले, "आता बरोबर आहे." त्यांच्यासारख्या माणसाने सरकारी कचेरीत पडताळून घेतलेला आकडा, त्यावर शंका कोण घेणार?

मग तीन दिवस आम्ही मोजलं. निघालेला आकडा यंत्र विकणाऱ्यांच्या कागदापेक्षा कमी होता, शंभराला सातने. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, कंपनी चुकली म्हणायची का? सरांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "विकणारा फेसासकट सांगतो, डॉक्टर. आपण दूध धरू." मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला होता. यंत्राचा जोर कमी धरला म्हणजे प्रत्येक पेशंटला वेळ जास्त द्यायचा. तसा तक्ता सरांनी केला, मी दाराशी लावला, आणि पहिला पेशंट आत गेला.

काम सुरळीत चाललं होतं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सर पाणी भरत, डबी सोडत, पितळी काचेवर टिचकी मारून काटा वाचत. पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांना खुपत होती. मी शिकले त्या ठिकाणीही पेशंटची कातडी काळी पडलेली पाहिली होती. इथे ती जरा लवकर काळी पडायची. बायकांना जुलाब जरा लवकर सुरू व्हायचे. दुसऱ्या वर्षी मी सरांना म्हटलं की आपल्याकडे कातडी जरा जास्तच भाजतेय असं वाटतं. त्यांनी मान वर केली.

"किती जास्त?"

मला सांगता आलं नाही. कातडीला कुठे आकडे असतात? मी म्हटलं, वाटतं आपलं. "वाटण्यावर वेळ बदलता येत नाही, बाई," ते म्हणाले. रागाने नाही. मी पुढचा पेशंट आत घेतला. पुन्हा दोन वर्षं तो विषय काढला नाही. त्यांच्या त्या एका शब्दापुढे मी माझे डोळे खोटे मानले, हे मला आजही सलतं.

त्याच सुमारास ते परदेशी मासिकातला एक लेख घेऊन आले. यकृतातल्या गाठीवर तिकडे एक नवीन उपचार करून बघत होते. वाळूच्या कणाहून बारीक किरणोत्सारी मणी, हजारोंनी, यकृताच्या रक्तवाहिनीत सोडायचे. ते गाठीच्या बारीक नळ्यांत अडकतात आणि तिथेच बसून तिला जाळतात. मला ते चांगलं वाटलं. सरांचा चेहरा मात्र उतरलेला. किती मणी गाठीत गेले, किती चांगल्या भागात, किती वाहत फुफ्फुसात गेले, हे कोण मोजणार, असं त्यांचं चाललेलं. आपलं यंत्र चुकलं तर दार उघडून बंद तरी करता येतं. हे मणी एकदा आत गेले की गेले, चिमट्याने काढता येत नाहीत. तो लेख त्यांनी आठवडाभर टेबलावर ठेवला आणि मग काही न बोलता कपाटात टाकला.

तिसऱ्या वर्षी हौसाबाई आली. शिरोळची, पन्नाशीची, घरचा ऊस, आवाज बांधावरून बांधावर पोचणारा. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. दुखण्याला ती भ्याली नाही, पण त्या खोलीत एकटं राहायला भ्याली. आम्ही सगळे तिला आत झोपवून बाहेर पळतो, दार लावतो, हे तिला पटेना. "तुमी समदी पळतासा म्हंजे आत कायतरी हाय की," ती म्हणाली. तर्क बिनचूक होता. सरांनी तिला सांगितलं, मावशी, आकडे मोजा. एकशेबावीस झाले की दार उघडेल. हौसाबाईला वीसपर्यंतच मोजता यायचं, पुढे ती विसा मोजायची. मग सहा विसा आणि दोन, असं ठरलं. रोज ती आत झोपून मोठ्याने मोजायची, एक वीस झाली की एक बोट दुमडायची, आणि तो आवाज आमच्या भिंतीवरच्या स्पीकरच्या पेटीतून बाहेर ऐकू यायचा. सर हातातलं काम टाकून येऊन उभे राहायचे. तिचं सहा विसा दोन आणि यंत्राची घंटा बहुतेक बरोबरच व्हायची. असा पेशंट त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता. ती त्यांना 'मास्तर' म्हणायची. गाठ विरघळली, रक्त थांबलं, आणि जाताना ती शिरोळच्या वांग्यांची पिशवी सरांच्या टेबलावर ठेवून गेली. सरांनी ती वजन न करता घेतली.

चौथ्या वर्षी मुंबईच्या मध्यवर्ती प्रयोगशाळेने देशातल्या अशा सगळ्या यंत्रांची पोस्टाने पडताळणी सुरू केली. पांढऱ्या पावडरीच्या छोट्या कुप्या यायच्या. त्यांना आपल्या हिशेबाने बरोबर शंभर मापं किरण द्यायचे आणि परत पाठवायच्या. पावडरीत खरे किती मुरले ते मुंबईत मोजत. सरांना परीक्षेचा आनंद झाला होता. आपल्याला कोणीतरी एकदाचं 'किती' विचारतंय, असा.

दोन महिन्यांनी पाकीट आलं. सरांनी ते उभ्यानेच वाचलं आणि दुसऱ्या कुप्या मागवल्या. त्या पाठवल्या, त्याचंही पाकीट आलं. दोन्हींत आकडा एकच. शंभराच्या जागी एकशेसात.

तीन दिवस त्यांनी टाकी, डबी, तारा, घड्याळ सगळं तपासलं. चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी रजिस्टरवर सही घ्यायला गेले तर ते पितळी यंत्रासमोर उभे होते. टिचकी मारत नव्हते, नुसते बघत होते. मग त्यांनी फोन लावला. हवामान कार्यालयाकडून त्या दिवसाचा आकडा लिहून घेतला. पेन्सिल खाली ठेवली. "एक विचारू का," ते फोनमध्ये म्हणाले, "हा आकडा तुमच्या गच्चीवरचा आहे, का समुद्रसपाटीला आणलेला?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, त्यांनी नंतर सांगितलं. पलीकडचा माणूस मोकळेपणाने म्हणाला होता, "समुद्रसपाटीलाच आणलेला की, सर. समद्या गावांचा तसाच देतो. न्हाय तर नकाशावर मेळ कसा बसायचा?"

कोल्हापूर समुद्रापासून अठराशे फूट उंच आहे. इथली हवा मुळातच विरळ. पितळी यंत्र पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतं. इथल्या हवेत त्याचा काटा वादळावरच राहायचा. सरांनी त्याला समुद्राकाठचा आकडा शिकवला. मग डबीतली विरळ हवा आम्ही दाट धरली, यंत्राचा जोर होता त्याहून कमी समजलो, आणि चार वर्षं प्रत्येक पेशंटला जास्त वेळ झोपवलं. विकणाऱ्याच्या कागदात फेस नव्हता. सरांनी यंत्र भिंतीवरून उतरवलं, पाठीचा स्क्रू उलटा फिरवला. काटा 'स्वच्छ' सोडून 'पाऊस' ओलांडून आपल्या जागी गेला. मग ते खुर्चीत बसले.

"आपण मणी सोडलेत, बाई," ते म्हणाले. "चार वर्षं. आता काढता येत नाहीत."

त्याचा अर्थ मला माहीत होता. गर्भाशयाच्या शेजारीच आतडं आणि मूत्राशय. त्यांना जास्त किरण बसले तर ते लगेच दिसत नाही. बाई बरी होते, घरी जाते, शेतात जाते. दोन वर्षांनी, कधी चार-पाच वर्षांनी आतडं झिजायला लागतं, रक्त पडतं, भोक पडतं. योग्य किरण दिले तरी काही जणींचं असं होतंच. जास्त दिले तर आणखी काही जणींचं. कोणाचं कशामुळे झालं ते कधीच सांगता येत नाही.

मोठे डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरांना दार लावून समजावलं. तक्ता उद्यापासून बदला, झालं ते झालं. लाईटने माणूस जळतो असं खेड्यापाड्यांत आधीच बोलतात. हे बाहेर गेलं तर ज्या बायका उपचाराने जगल्या असत्या त्या आता येणारच नाहीत आणि घरात कुजून मरतील. त्याचं पाप कोणाच्या माथी? ट्रस्टचे अध्यक्षही तेच म्हणाले, जरा वरच्या आवाजात. सरांनी सगळं ऐकून घेतलं. वर्तमानपत्रात जाणार नाही, असा शब्द दिला. पण ज्यांच्या पोटावर लाईट दिली त्यांना सांगणार, म्हणाले. रक्त दिसलं की त्यांनी घरगुती औषधं करत न बसता लगेच यायला हवं, आणि ते कळल्याशिवाय त्या येणार नाहीत. अध्यक्षांनी विचारलं, असे किती असतील? सरांनी वही उघडली. एकशे चौऱ्याऐंशी.

दर रविवारी ते एसटीने निघायचे. मी बरोबर जायचे, कारण शौचाला रक्त पडतं का हे परक्या पुरुषाने बाईला विचारायची सोय नाही. कागल, गारगोटी, वडगाव, इचलकरंजी. काही घरांत बाई आधीच त्या रोगाने गेलेली असायची, मग सर वहीत रेघ मारायचे आणि अंगणात थोडा वेळ उभे राहायचे. एका नवऱ्याने दार लावून घेतलं. एकाने शिव्या घातल्या आणि शेवटी चहाही दिला. आपलं काय चुकलं ते सर साध्या शब्दांत सांगायचे. यंत्र चुकलं असं एकदाही म्हणाले नाहीत.

शिरोळला गेलो तेव्हा हौसाबाई गोठ्यात शेण काढत होती. हात धुऊन आली, घोंगडं टाकलं. सरांनी सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "म्हंजे किती जास्त मोजलं मी?"

"सहा विसा दोन नको होते, मावशी. पाच विसा चौदा बास होते. रोज आठ आकडे जास्त झाले."

हौसाबाईने बोटं दुमडून पाहिली. "आटच की," ती म्हणाली. मग बोटं सोडवत, "एक सांगा मास्तर. ते आट जास्त पडलं म्हनून मी वाचलो, का न्हाय पडलं असतं तरी बी वाचलो असतो?"

सरांनी गोठ्याकडे पाहिलं. म्हैस कान हलवत होती. "ते मोजता येत नाही," ते म्हणाले.

"आनि म्होरं काय हुईल ते?"

"तेही नाही."

"मग मोजता काय येतंय तुमाला?" हौसाबाई म्हणाली. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. सर घोंगड्याच्या काठाचे दोरे ओढत बसले. निघताना तिने पुन्हा वांगी दिली. तपासणीला दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी येईन, असं कबूल केलं आणि ते पाळलंही.

ट्रस्टला सरांचे रविवार कळले. राजीनामा मागितला गेला आणि दिला गेला, एकाच दिवशी. जाताना त्यांनी पितळी यंत्र माझ्या हातात दिलं; नव्या साहेबांना नवीन हवं होतं. "स्क्रूला हात लावू नका," एवढंच म्हणाले.

त्यानंतर मंगळवारी, जुन्या पेशंटच्या तपासणीच्या दिवशी, ते बाकाच्या टोकाला येऊन बसायला लागले. पहारेकरी अडवत नसे. मांडीवर वही, हातात पेन्सिल. ठरलेली बाई दारातून आली की तिच्या नावापुढे बारीक खूण. नवीन आलेल्या बायका त्यांनाही पेशंट समजायच्या आणि विचारायच्या, पावणं, तुमास्नी कशाचं हाय? ते म्हणायचे, मला काही नाही. असं अडीच वर्षं चाललं. काही नावांपुढे खुणांची रांग लांबत गेली. काही बायका रक्त पडतंय म्हणून आल्या. त्यांना सर लांबूनच ओळखायचे, त्या कशा जपून बसतात त्यावरून. सरांच्या अंगावरचा शर्ट सैल होत गेला. मी त्यांना डबा द्यायचे, ते अर्धा परत करायचे.

ऑगस्टातला तो पहिला मंगळवार. सकाळी हौसाबाईचा मुलगा मिरजेहून थेट आला होता. आईचा केसपेपर परत द्यायला. कोणी मागितला नव्हता, पण दवाखान्याची वस्तू घरात कशाला, असं त्याला वाटलं असावं. रविवारी पोटात दुखायला लागलं, मिरजेला नेलं, आतड्याला भोक पडलंतं म्हणाले, सोमवारी गेली. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तो फक्त दमलेला होता. मी केसपेपर घेतला आणि त्याला मागच्या दाराने वाटेला लावलं, कारण पुढच्या दारात बाकावर सर होते.

साडेअकरापर्यंत सगळ्या येऊन गेल्या. सरांच्या वहीत एका नावापुढची जागा रिकामी होती. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. त्यांनी विचारलं, शिरोळची गाडी आली नाही का? बाहेर पाऊस लागलेलाच होता. मी म्हटलं, "शिरोळची बस बंद आहे, सर. पाणी आलंय."

त्यांनी मान वर केली.

"किती फूट?"

पावसाळ्यात कोल्हापुरातल्या कोणालाही नदीच्या पाण्याचा आकडा तोंडपाठ असतो. पानपट्टीवाला सांगतो, रिक्षावाला सांगतो. मी कोणताही आकडा फेकला असता तरी चाललं असतं. मला एकही सुचला नाही. मी तांब्या हातात घेऊन उभी राहिले आणि ते माझ्याकडे बघत राहिले. आयुष्यात दुसऱ्यांदा मला त्यांना आकडा देता आला नव्हता. पहिल्या वेळी त्यांनी मला गप्प केलं होतं. या वेळी "बरं" म्हणाले.

मी आत आले आणि दाराच्या काचेतून पाहिलं. त्यांनी वही मिटली नव्हती, पेन्सिल खिशात ठेवली होती. डावा हात मांडीवर उघडा. ओठ हलत होते. थोड्या वेळाने एक बोट दुमडलं गेलं. मग दुसरं. मी काचेला कपाळ टेकून त्यांच्याबरोबर मोजत गेले. पाच बोटं मिटल्यावर ते थांबले नाहीत, सावकाश पुढे मोजत राहिले. पाच विसा आणि चौदाला ओठ थांबले. त्यांनी वही पिशवीत घातली, छत्री उघडली आणि पायऱ्या उतरून पावसात गेले.